चार पानांतली दोन

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



आज मी तुमच्याशी एका साध्या रानफुलाबद्दल बोलणार आहे. ते इतकं बारीक असतं, की त्याचा फोटो काढला तर आधी पाठीमागचं गवतच दिसतं. इंग्लंडमध्ये त्याला बेडस्ट्रॉ म्हणतात, म्हणजे अंथरुणातलं गवत. गाद्या-गिरद्या सर्वांना परवडत नसत, त्या काळी तिकडचे लोक हे वाळवून अभ्र्यात भरत. आपल्याकडे भाताचा पेंढा पसरून त्यावर गोधडी टाकत, तसंच. शास्त्रीय नाव गॅलियम. ग्रीक भाषेत ‘गाला’ म्हणजे दूध. यातल्या एका जातीचा उपयोग दूध नासवून चीज करायला होत असे, त्यावरून हे नाव पडलं.

तुम्ही म्हणाल, हे इंग्लंडचं गवत सातारच्या बाईनं आम्हाला कशाला सांगावं? त्याला कारण आहे, आणि ते सांगायला मला थोडं अवघड वाटतं. पण वय झालं, की अवघड गोष्टी सांगून टाकाव्यात.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं. बी.एस्सी.च्या मुलांना उपपर्ण शिकवताना जास्वंद, गुलाब, वाटाणा झाला, की गॅलियम यायचंच. उपपर्ण म्हणजे पानाच्या देठाशी असणारी छोटी जोडपानं. काही वनस्पतींत ती इतकी वाढतात, की खऱ्या पानासारखीच दिसतात. त्याचं पुस्तकातलं उदाहरण म्हणजे गॅलियम. मी दरवर्षी फळ्यावर खडूनं त्याचं चित्र काढायची. चौकोनी दांडा आणि भोवती चाकाच्या आऱ्यांसारखी पानं. चित्र चांगलं यायचं. मुलं वहीत उतरवून घ्यायची. प्रत्यक्षात ती वनस्पती मी कधी पाहिलेली नव्हती, आणि पाहायला हवी असंही कधी वाटलं नव्हतं.

1986 साली दिवाळीआधीची सत्र परीक्षा होती. तिचे गुण वार्षिक निकालात धरले जात. प्रात्यक्षिकात टेबलावर फांद्या मांडायच्या आणि मुलांनी पानांची मांडणी ओळखायची, असा एक प्रश्न असे. एका पेरावर तीन किंवा जास्त पानं असली, तर त्या मांडणीला मंडलाकार म्हणतात. तिच्यासाठी आम्ही नेहमी कण्हेर ठेवायचो. त्या दिवशी शिपायानं कण्हेर आणली नाही. आदल्या रविवारी पसरणीच्या घाटातून मी मंजिष्ठेचा वेल आणला होता. प्रत्येक पेरावर चार पानं. मी तोच ठेवला.

सगळ्या मुलांनी ‘मंडलाकार’ लिहिलं. एकानं लिहिलं, ‘समोरासमोर. चारपैकी दोनच पानं, दोन उपपर्णं.’ प्रश्न चार गुणांचा होता. मी त्याला शून्य दिलं.

तो विचारायला आला. शेतकऱ्याचा मुलगा, बोलायला बुजरा. म्हणाला, “मॅडम, पानं दोनच आहेत.” मी म्हटलं, “डोळ्यांना किती दिसतात? चार ना? मग चार.” तो गप्प राहिला आणि निघून गेला.

वार्षिक निकालात त्याचा फर्स्ट क्लास तीन गुणांनी हुकला. एम.एस्सी.च्या प्रवेशयादीत त्याचं नाव लागलं नाही. पुढे तो एका पतपेढीत कारकून झाल्याचं कानावर आलं. या गोष्टींचा त्या चार गुणांशी मी तेव्हा संबंध जोडला नाही. जोडायचा नव्हता, म्हणून जोडला नाही.

2012 च्या जून महिन्यात मी मुलाकडे शेफिल्डला गेले. मुलगा-सून दिवसभर कामावर, नात सहा वर्षांची. तिला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे. एके दिवशी वाटेत कुंपणाकडेनं चालताना तिनं काहीतरी उपटलं आणि माझ्या पाठीवर मारलं. ते तिथंच चिकटलं. “आजी, तुला शेपटी आली!” म्हणून ती हसायला लागली. आपल्याकडे आघाडा लुगड्याला धरतो तसाच प्रकार. मी पदर पुढे घेतला आणि ते सोडवायला लागले. दांडा चौकोनी, प्रत्येक पेरावर सात-आठ पानं, आऱ्यांसारखी. मी रस्त्यातच थांबले. इतकी वर्षं फळ्यावर काढलेलं गॅलियम माझ्या पदराला लोंबत होतं.

तिकडे त्याला गूसग्रास किंवा क्लीव्हर्स म्हणतात. बागेत माजणारं तण. दांड्यावर खालच्या दिशेला वाकलेले बारीक आकडे असतात. त्यांच्या आधारानं ते दुसऱ्या झाडांवर चढतं. बोट वरून खाली फिरवलं तर सहज फिरतं, खालून वर नेलं की अडकतं. फळ म्हणजे दोन चिकटलेल्या गोळ्या, आणि त्यांवरही आकडे. गंमत म्हणजे ही फळं भाजून लोक कॉफीसारखं पेय करतात. त्यात नवल नाही, कारण कॉफी याच कुळातली. आपला कदंब, दारातला अनंत, रानातला गेळा, सगळी याच गोतावळ्यातली.

घरी येऊन मी ती फांदी खिडकीत धरली, आणि त्या वेळी प्रथम नीट पाहिलं. पेरावर आठ पानं होती, पण बेचक्यातून फुटलेल्या फांद्या दोनच होत्या, समोरासमोर. पुढच्या पेरावर पानं सात, फांद्या दोन. त्याच्या पुढे पुन्हा तेच.

श्रोतेहो, वनस्पतीत कळी किंवा फांदी फुटते ती पानाच्या बेचक्यातून. उपपर्णाच्या बेचक्यातून ती फुटत नाही. म्हणजे त्या आठांत खरी पानं दोनच, बाकीची उपपर्णं. हे मी वर्गात वाचून दाखवलं होतं. आणि एका मुलानं तेच स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिलं, तेव्हा त्याला शून्य दिलं होतं.

शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्यांना रानफुलांचा नाद. मी त्यांना हे सारं सांगितलं नाही, फक्त ‘मला बेडस्ट्रॉ ओळखायला शिकवा’ म्हटलं. त्या लगेच तयार झाल्या. पुढच्या पाच आठवड्यांत त्यांनी मला जे शिकवलं, ते आज तुम्हाला सांगते. कुणाची मुलं तिकडे असतील, कुणी काश्मीरला जाणार असाल, तर उपयोगी पडेल. पिवळ्या फुलांचं बेडस्ट्रॉ काश्मीरच्या बाजूला आपल्याकडेही होतं.

पहिला धडा असा, की फुलाकडे वाकण्याआधी आपण कुठं उभे आहोत ते पाहायचं. शेफिल्डच्या पश्चिमेला पीक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ भाग आहे. 1951 साली झालेलं ब्रिटनमधलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान. त्याचे दोन तोंडवळे आहेत. उत्तरेला आणि कडेनं काळपट, भरड वालुकाश्म, वर आम्लधर्मी पीटची माती. मध्ये आणि दक्षिणेला पांढरा चुनखडक. आपल्याकडे काळ्या कातळावर एक झाडोरा आणि तांबड्या जांभ्यावर वेगळा, तसंच तिथं आहे. आमच्या गुरुबाई स्टॅनेजच्या कड्यावर नेऊन म्हणाल्या, “हा वालुकाश्म. इथं पांढऱ्या फुलांची बुटकी चटई दिसली, तर ते बहुधा हीथ बेडस्ट्रॉ.” मग दुसऱ्या रविवारी लॅथकिल डेल नावाच्या चुनखडीच्या दरीत नेलं. तिथंही तशीच चटई होती. “हे लाइमस्टोन बेडस्ट्रॉ. आता फरक सांगा.”

मला फरक दिसेना. दोन्ही वीतभर उंचीची, दोन्हींची फुलं पांढरी, चार पाकळ्यांची, मोहरीएवढी. तेव्हा त्यांनी गळ्यातलं दसपट भिंग काढून दिलं. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि फांदी भिंगाजवळ आणायची. आपण उलटं करतो, भिंग फांदीवर धरतो आणि डोळा लांब ठेवतो, त्यामुळे काही दिसत नाही. पान आकाशाकडे धरून कड पाहिली. कडेला बारीक दाते होते. वालुकाश्मावरच्या जातीचे दाते पुढे, पानाच्या टोकाकडे वळलेले. चुनखडीवरच्या जातीचे मागे, देठाकडे वळलेले. मोठी खूण ती एवढीच. पण एकदा दिसली, की पुन्हा चुकत नाही.

दुसरा धडा फुलाच्या रंगाचा. फूल पिवळंधमक, झुपके दाट, पानं सुईसारखी अरुंद, कडा खाली मुडपलेल्या, तर ते लेडीज बेडस्ट्रॉ. येशूच्या जन्माच्या वेळी मेरीमातेच्या अंथरुणात हे होतं, अशी तिकडे दंतकथा आहे. हेच वाळल्यावर नव्या कापलेल्या गवतासारखा गोड वास येतो. तो कूमारिन नावाच्या द्रव्याचा. गादीत का भरत असतील, ते वास घेतल्यावर कळतं. याच्या मुळांपासून लाल रंगही मिळतो. पण पिवळं दिसलं, की लगेच नाव ठोकायचं नाही. क्रॉसवर्ट नावाचं याचं एक भावंड पिवळंच फुलतं. त्याच्या पेरावर मात्र चारच पानं असतात, रुंद आणि लवदार. आणि फूल फिकट, दुधाळ पिवळं असेल तर आजूबाजूला पाहावं. पिवळं लेडीज बेडस्ट्रॉ आणि पांढरं हेज बेडस्ट्रॉ जवळजवळ वाढत असतील, तर तो त्या दोघांचा संकर असू शकतो.

हे हेज बेडस्ट्रॉ कुंपणाच्या झुडपांतून कमरेएवढं वर येतं. पाकळ्यांच्या टोकाला बारीक अणकुची असते आणि दांडा हाताला गुळगुळीत लागतो. त्यामुळे उंच, पांढरं असं काही दिसलं, की आधी दांड्यावरून बोट फिरवायचं. अडकलं तर गूसग्रास, नाही अडकलं तर बहुतेक हेज बेडस्ट्रॉ.

तिसरा धडा ओल्या जागेचा. तळ्याकाठी, दलदलीत दोन जाती भेटतात. मार्श बेडस्ट्रॉच्या पेरावर चार ते सहा पानं, आणि पानाचं टोक बोथट. फेन बेडस्ट्रॉच्या पेरावर सहा ते आठ, आणि टोकाला टाचणीसारखी अणी. इथं मी पानं मोजायला लागले, तर गुरुबाई म्हणाल्या, “एकाच पेरावर मोजू नका. खाली-वर संख्या बदलते. पाच-सहा पेरं पाहा, मग टोक पाहा.” मोजणी फसवते, टोक सहसा फसवत नाही. हे वाक्य माझ्या मनात वेगळ्याच ठिकाणी जाऊन बसलं.

ऑगस्टमध्ये परत आले. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, भाच्याला घेऊन पसरणीच्या घाटात गेले. त्याच वळणाच्या खाली करवंदीच्या जाळीवर मंजिष्ठा चढलेली होती.

मंजिष्ठा म्हणजे बेडस्ट्रॉची आपल्याकडची सख्खी चुलत बहीण. औषधाच्या दुकानात तिच्या लाल काड्या तुम्ही पाहिल्या असतील. ती रानात ओळखणं अवघड नाही. वेल दुसऱ्या झाडावर पसरलेला. दांडा चौकोनी आणि खरखरीत, बोटाला ओरखडणारा. पेरावर चार पानं, हृदयाच्या आकाराची, लांब देठाची. पानाच्या बुडापासून निघणाऱ्या ठळक शिरा. बेडस्ट्रॉच्या पानाला देठ जवळजवळ नसतोच, हा पहिला फरक. मंजिष्ठेचं फूल बहुधा पाच पाकळ्यांचं, बेडस्ट्रॉचं चार. आणि मंजिष्ठेचं फळ गरदार, पिकल्यावर काळं होणारं, बेडस्ट्रॉचं कोरडं.

चौकोनी दांडा तुळशीलाही असतो, सब्जालाही असतो. पण तिथं पेरावर दोनच पानं आणि चुरगळली की वास. आणि कासच्या पठारावर, 2012 साली जागतिक वारशात गेलेल्या आपल्या सड्यावर, पावसाळ्यात तारागुच्छ फुलतो, तोही याच कुळातला आहे. त्याचीही फुलं चार पाकळ्यांची. पण त्याची पानं साधी समोरासमोर, आणि दोन देठांच्या मधे केसाळ झालरीसारखं उपपर्ण. तारागुच्छ आणि मंजिष्ठा शेजारी शेजारी मनात ठेवली, की झालरीचं पान कसं झालं असेल, ते आपोआप सुचतं.

मुळं लाल आहेत का, ते पाहायला वेल उपटू नका. ओळखायला त्याची गरज नाही. तिच्या मुळांतल्या रंगानं शतकानुशतकं कापड रंगलं. त्यातल्या एका द्रव्याला रसायनशास्त्रात मुंजिस्टिन हे नावच मंजिष्ठेवरून मिळालं आहे. तिच्या युरोपातल्या बहिणीच्या मुळांतलं अलिझारिन ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी 1868 साली प्रयोगशाळेत तयार केलं. त्यानंतर रंगासाठीची तिकडची मंजिष्ठेची शेती बसली. आपल्या वेलाला मात्र औषधासाठी मागणी राहिली, आणि औषधाला लागतं मूळच. मूळ गेलं की वेल गेला.

तर मी त्या वेलाशी खाली बसले. पेरं पाहत गेले. चार पानं आणि दोन फांद्या, पुन्हा चार पानं आणि दोन फांद्या. जिथं फांदी नव्हती तिथं फुलांचा तुरा, तोही दोनच बेचक्यांत. भाचा विचारत होता, मावशी, काय शोधतेस? मी म्हटलं, परीक्षेचा पेपर तपासतेय.

घरी आल्यावर जुन्या विद्यार्थ्यांकडून पत्ता मिळवला आणि त्याला पत्र लिहिलं. फोन करण्याचं धैर्य नव्हतं. लिहिलं, की 1986 साली तुमचं उत्तर बरोबर होतं आणि माझं चूक होतं. ते गुण मी आता देऊ शकत नाही, पण चूक कुणाची होती ते लेखी असावं, म्हणून लिहिते. त्याला ‘अहो’ लिहावं की ‘अरे’, यावरच बराच वेळ गेला. शेवटी ‘तुम्ही’ लिहिलं.

महिन्याभरानं उत्तर आलं. अक्षर तेच, प्रात्यक्षिकाच्या वहीतलं. त्यानं लिहिलं होतं :

‘मॅडम, मला तू म्हणा. ते उत्तर मी पुस्तकातून लिहिलं नव्हतं. आमच्या बांधावर हा वेल होता. शेळीला पाला आणताना तो हाताला ओरखडायचा, म्हणून मी त्याच्या फांद्या पेरापासून मोडायचो. मोडायला नेहमी दोनच असायच्या. मार्कांचं मी विसरलो होतो असं लिहिलं, तर खोटं होईल. पण आज तुमचं पत्र बायकोला आणि मुलीला वाचून दाखवलं. वेल अजून आहे. पावसाळ्यात या.’

मी गेले. त्याच्या मुलीनं बांधावर नेलं आणि मला विचारलं, “आजी, यातली खरी पानं कोणती?” मी म्हटलं, “तूच सांग. फांदी कुठून फुटलीय ते बघ.” तिनं पानं बाजूला सारली, बोट ठेवलं आणि वर पाहिलं. बाप शेजारी उभा होता, काही बोलला नाही.

तेव्हा श्रोतेहो, रानात गेलात आणि अंगाला काही चिकटलं, तर झटकून टाकण्याआधी एकदा दांड्यावरून बोट फिरवा. पेरं पाहा. पानं मोजा, पण मोजून थांबू नका. आणि शेजारचं पोर म्हणालं, की मला वेगळंच दिसतंय, तर ‘कुठं?’ असं विचारून त्याच्याशेजारी खाली बसा. मला ते सुचायला सव्वीस वर्षं लागली.